कधीच न कापलेला केस

टोपबाईंच्या दुखण्याला वाचा फुटली ती महाराजांच्या टकलावर.

महाराज म्हणजे खरे महाराज नव्हेत. पस्तीस वर्षं रंगमंचावर राजाच्या भूमिका करून करून त्या नटाला घरी पाणी मागतानाही फर्मान सोडल्यासारखं मागायची सवय लागली होती, म्हणून सगळे त्यांना महाराज म्हणत. आणि टोपबाई म्हणजे नाटकांसाठी केसांचे टोप बनवणाऱ्या बाई. नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला, सुताराच्या खोलीला लागून त्यांची खोली होती. एक उत्तरेची खिडकी, एक लांब टेबल आणि तीन फळ्यांवर ओळीने मांडलेली चाळीस लाकडी डोकी. दुसऱ्या कुणी लोकांना टोप्या घातल्या की बोंबाबोंब होते. बाई गेली बावीस वर्षं राजरोस टोप घालत होत्या आणि लोक वर त्यांचे आभार मानत.

नव्या नाटकाला अजून दोन महिने होते. म्हाताऱ्या राजाचा पांढराशुभ्र, खांद्यावर रुळणारा टोप आणि छातीपर्यंत दाढी असं काम होतं. जाळीचं माप घेण्यासाठी बाई महाराजांच्या डोक्यावर वाकल्या होत्या. गेले तीन-चार महिने त्यांना एक कोरडा, हट्टी खोकला होता. त्या दिवशी तो असा अचानक आला की तोंड वळवायलाही सवड मिळाली नाही. महाराजांच्या गुळगुळीत डोक्यावर चार-पाच लाल ठिपके उमटले.

महाराजांनी ते समोरच्या आरशात पाहिले.

"रक्त!" शेवटच्या रांगेत ऐकू जावं अशा आवाजात ते म्हणाले. "आमचं रक्त!"

"तुमचं नाही हो महाराज, माझं..."

पण महाराज तोवर खुर्चीवरून घसरले होते. रंगमंचावर ते शे-दीडशे वेळा मेले असतील, दर वेळी उजवा हात छातीवर ठेवून, एक गिरकी घेऊन. इथे मात्र ते पोतं पडावं तसे पडले. सगळे धावले. दिग्दर्शक आला, कपडेपटवाले आले, सुतार करवत घेऊनच आला. कुणी वारा घातला, कुणी साखरपाणी आणलं. दिग्दर्शकाने बाईंकडे वळून सांगितलं, "सुई जरा जपून धरत जा हो." सुई तर अजून डबीतून बाहेरच निघाली नव्हती. पण ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

बाई गुपचूप बेसिनपाशी गेल्या आणि तोंड पुसलं. रुमालात चमचाभर रक्त होतं. आणि त्या रक्तात एक केस होता.

आता केसाचं बाईंना काय नवल? त्यांच्या घरी साबणावर केस, उशीवर केस. चहात केस निघाला तर कुणी भुवईसुद्धा उचलत नसे, बोटाने बाजूला काढत आणि पुढे पीत. पण हा केस पाहून त्या थबकल्या. तो तपकिरी होता, आणि दोन आठवड्यांपासून त्या खोलीत पांढऱ्याशिवाय दुसरा केस आलेला नव्हता. त्यांनी तो धुतला, खिडकीपाशी नेला, भिंगाखाली धरला. मग चिमटीत धरून हलकेच चोळला. असा चोळला की केस आपल्या मुळाच्या दिशेने सरकतो. टोप बनवणाऱ्यांचा हा अ-आ-इ. केस सरकला. सरकला त्या टोकाला मूळ होतं, मोहरीच्या दाण्याहून बारीक, पण होतं. आणि दुसरं टोक सुईसारखं निमुळतं.

बाजारातून येणारा केस कापलेलाच असतो. त्याला मूळ नसतं आणि त्याच्या शेंड्यावर कुठल्या ना कुठल्या कात्रीची सही असते. हा केस कुणी कापला नव्हता. आजवर कधीच नाही. असा शेंडा बाईंनी एकाच जागी पाहिला होता, तान्ह्या बाळाच्या डोक्यावर.

"हे तर जावळ आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

घरी त्यांनी ही गोष्ट नवऱ्याला सांगितली. नवरा मोटार चालवायला शिकवायचा. गावभर त्याला मास्तर म्हणत. उभ्या आयुष्यात त्याने एकदाही वेगमर्यादा मोडली नव्हती, सिग्नल तोडला नव्हता. वीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून त्याला एक खोड जडली होती. कुठेही भीतीची गोष्ट कानावर आली की त्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा, जणू तिथे ब्रेक आहे. जेवताना, सिनेमात, लग्नाच्या मांडवातसुद्धा.

"रक्त?" मास्तर म्हणाला, आणि टेबलाखाली पाय दाबला गेला. "किती?"

"चमचाभर. पण केस बघा ना."

"केस राहू दे गं! उद्या डॉक्टरकडे."

सासूबाई पलीकडे बसून वर्तमानपत्र वाचत होत्या. त्यांना लांबचं कमी ऐकू येई, पण कामाचं सगळं ऐकू येई. "जावळ कुणाचं म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"तेच कळत नाही, आई."

"हं," सासूबाई म्हणाल्या आणि पान उलटलं.

नेहमीचे डॉक्टर चांगले होते, फक्त घाईत असत. त्यांनी छाती तपासली, वजन विचारलं, ताप विचारला, थुंकी तपासायला पाठवली. क्षय नव्हता. "तुमचा धंदाच केसांचा," ते म्हणाले. "बारीक केस, धूळ, डिंकाचा वास. घशाला ओरखडा पडतो, त्याचं रक्त. तोंडाला फडकं बांधून काम करा." आणि एक जांभळं औषध लिहून दिलं.

बाईंनी फडकं बांधलं. जांभळं औषध प्यायलं. तीन आठवड्यांत चार वेळा रक्त आलं आणि अकरा केस. हे अकराही केस त्यांनी एका काळ्या पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवले, मुळं एका बाजूला, शेंडे एका बाजूला, खाली तारखा. असा नमुन्याचा पुठ्ठा त्या गिऱ्हाइकांना दाखवायला नेहमीच करत, त्यामुळे तो दिसायलाही देखणा झाला.

डॉक्टरांनी पुठ्ठा पाहिला आणि हसू दाबलं. "बाई, गिरणीतला माणूस पीठ खोकतो. तुम्ही केस खोकता. यात विशेष काय?"

"विशेष हे, की हे माझ्या कामातले केस नाहीत. यांना मुळं आहेत."

"एवढं तुम्हाला नुसतं बघून कळतं?"

बाईंनी डॉक्टरांच्या डोक्याकडे पाहिलं. त्या मुळात भिडस्त. पण तीन आठवडे जांभळं औषध पिऊन त्यांची भीड जरा पातळ झाली होती.

"तुम्ही केस रंगवता," त्या म्हणाल्या. "घरीच, स्वतःच्या हाताने. साधारण पंधरा दिवसांपूर्वी रंगवलेत, कारण मुळाशी गव्हाच्या दाण्याएवढं पांढरं आलंय. डाव्या कानामागे ब्रश पोचलेला नाही. आणि मागच्या भोवऱ्याशी केस पातळ होत चाललेत ते लपवायला तुम्ही भांग उजवीकडून डावीकडे नेलाय. पूर्वी तो डावीकडून होता."

औषधं देणाऱ्या बाईने खिडकीतून आत डोकावून डॉक्टरांच्या कानामागे पाहिलं.

डॉक्टरांनी कागद ओढला आणि छातीचा एक्स-रे लिहून दिला.

एक्स-रेमध्ये सावली निघाली. मग हसणं संपलं. डॉक्टरांनी त्याच दिवशी स्वतः फोन करून मोठ्या रुग्णालयात छातीच्या सर्जनबाईंकडे वेळ मागून घेतली आणि टोपबाईंना म्हणाले, "माझं चुकलं हो." हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून ऐकून बाई जितक्या घाबरल्या तितक्या सावलीनेही घाबरल्या नव्हत्या.

मोठं मशीन झालं, छातीचे चकत्या-चकत्यांनी फोटो निघाले आणि चौथ्या दिवशी तिघं सर्जनबाईंसमोर बसली. सासूबाई आल्या होत्या, कारण मुलगा नीट ऐकून घेत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. सर्जनबाई बुटक्या, काटक, बोलायला तुटक. टेबलावर बिस्किटांचा पुडा उघडा होता.

"गाठ आहे," त्या म्हणाल्या.

मास्तरचा पाय दाबला गेला.

"छातीच्या मधोमध, हृदयाच्या पुढ्यात, थोडी उजवीकडे कललेली. मोठ्या संत्र्याएवढी."

मास्तरने पाय आणखी दाबला. खुर्ची मागे सरकली.

"पण बहुधा कॅन्सर नाही."

पाय सुटला. मग 'बहुधा' हा शब्द उशिराने पोचला आणि पाय अर्ध्यावर येऊन थांबला.

सर्जनबाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "ही चरबी. हे पाणी. हा केसांचा गुंता असावा. आणि हे पांढरंशुभ्र दिसतंय ना, हा दात."

"कुणाचा?" सासूबाईंनी विचारलं.

"यांचाच. म्हणजे... असं बघा, आजी. बाळ आईच्या पोटात घडत असतं तेव्हा काही पेशी आपापल्या जागी जायला निघतात. त्यातल्या थोड्या वाट चुकून छातीतच मुक्काम करतात. या पेशींना काहीही बनवता येतं, कातडी, केस, चरबी, दात. बहुतेक वेळा ही गाठ जन्मभर गप्प बसते, माणसाला पत्ताही नसतो. यांच्या गाठीने मात्र हळूहळू शेजारची श्वासाची नळी कुरतडली आणि गाठच फुफ्फुसात फुटली. म्हणून रक्त येतंय. आणि केस."

बाईंनी पुठ्ठा पर्समधून काढून टेबलावर ठेवला. सर्जनबाईंनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि कितीतरी वेळ पाहत राहिल्या. हातातलं बिस्किट तसंच राहिलं.

"छातीतल्या अशा गाठी मी बऱ्याच काढल्यात," त्या म्हणाल्या. "रक्त पडणाऱ्या फार थोड्या. पण केस खोकणारा पेशंट मी फक्त पुस्तकात वाचला होता. आणि त्याने काही तारखा घातल्या नव्हत्या."

टोपबाईंना छातीत गाठ असूनही, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

"म्हणजे जुळं," सासूबाई म्हणाल्या.

"नाही आजी. जुळं नाही."

"जावळ आहे. दात आहे."

"केस आणि दात असले म्हणून माणूस होत नाही."

"आमच्या थोरल्या दिरांना दोन्ही नव्हते," सासूबाई म्हणाल्या, "तरी आम्ही त्यांना शेवटपर्यंत माणूसच धरलं."

सर्जनबाईंनी बिस्किट खाल्लं. गाठ काढावी लागेल, ती जितकी थांबेल तितकी फुफ्फुस खाईल, आणि कधीतरी एकदम मोठं रक्त पडू शकेल, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. तसं झालं तर उजव्या कुशीवर कलायचं आणि सरळ इकडे यायचं. अठरा दिवसांनंतरची तारीख ठरली.

परतताना गाडीत मास्तर म्हणाला, "कमाल आहे. माझ्या डोक्यावर वीस वर्षांत एक उगवेना, आणि तुझ्या छातीत पीक आलंय!" बाई हसल्या. हसता हसता खोकल्या, आणि मास्तरने गाडी कडेला घेऊन, इंडिकेटर देऊन, हँडब्रेक लावून मगच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

मागच्या सीटवर सासूबाई हिशेब जुळवत होत्या. "लग्न ठरवताना एकीचंच सांगितलं होतं तुझ्या घरच्यांनी," त्या शेवटी म्हणाल्या. "आल्या दोघी."

त्या दिवसापासून गाठीचं नाव 'धाकटी' पडलं. सकाळी सासूबाई तिच्या हातून चहाचा कप घेत विचारायच्या, "धाकटी काय म्हणते? निजली होती का नीट?" सुरुवातीला बाईंना याचा राग आला. मग एकदा अंघोळ करताना त्यांच्याच तोंडून निघालं, "धाकटे, आज दाढीचं काम आहे, जरा गप बस." मग राग गेला.

दाढीचं काम खरंच होतं. टोप झाला होता, दाढी राहिली होती. जाळीच्या एकेका भोकातून बारीक आकड्याने एकेक केस ओढून गाठ मारायची, असे हजारो केस. मास्तरने सांगून पाहिलं, सर्जनबाईंनी विश्रांती म्हणून बजावलं होतं. पण बाईंचं म्हणणं, की बसून गाठी मारायच्या याला काम कसलं म्हणायचं. घरी बसले तर छातीतल्या गाठीचाच विचार करीन, त्यापेक्षा हातातल्या बऱ्या.

ऑपरेशनला सहा दिवस असताना, भर दुपारी, दाढीची उजवी बाजू संपवून डावी निम्म्यावर आलेली असताना, बाईंना घशात गरम काहीतरी चढल्यासारखं वाटलं. खोकला आला आणि त्याबरोबर कपभर रक्त. मग पुन्हा. त्यांनी आधी दाढी बाजूला सरकवली, पांढऱ्यावर डाग निघत नाही म्हणून. मग भिंतीवर थाप मारली. पलीकडून सुतार आला, त्याने एकदा पाहिलं आणि धावत जाऊन मास्तरला फोन केला.

मास्तर सहा मिनिटांत आला, शिकवणीच्या गाडीतून. छपरावर शिकाऊची पाटी, आणि गाडी चालवत होत्या एक निवृत्त ग्रंथपाल बाई. परीक्षेत चार वेळा नापास झालेल्या, आणि दर वेळी अतिसावधपणामुळे. मास्तरने त्यांना मागे बसवलं, त्यांच्या मांडीवर रंगपटातलं घमेलं दिलं, टोपबाईंना आपल्या नेहमीच्या सीटवर बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसला.

वीस वर्षांत पहिल्यांदा मास्तरने गाडी पळवली. पण गाडी पन्नास पावलं गेली आणि गचकन थांबली. पुन्हा निघाली, पुन्हा गचकन थांबली.

"पाय काढ!" मास्तर ओरडला.

शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो. बाईंना खोकल्याची उबळ आली की त्या पाय ताणत, आणि ताणलेला पाय नेमका त्यावर पडे. त्यांनी पाय पोटाशी ओढून घेतले, उजव्या कुशीवर कलल्या, घमेल्यात थुंकल्या आणि क्षीण आवाजात म्हणाल्या, "या बाजूला पळवायचं काही नाही का?"

"नाही," मास्तर म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मास्तरला फक्त थांबवता येतं."

"मास्तर, इंडिकेटर राहिला," मागून ग्रंथपाल बाई म्हणाल्या. मग, "मास्तर, हा एकेरी रस्ता आहे." मग, "मास्तर, लाल होता तो." शेवटच्या चौकात मात्र त्या म्हणाल्या, "मास्तर, सोडा. जाऊ दे गाडी. मी बघते दोन्हीकडे." आणि खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर निघून, हात हलवून, त्यांनी उजवीकडून येणारी अख्खी वाहतूक थांबवून धरली.

रुग्णालयात बाईंना चाकाच्या पलंगावर घातलं, नाकाला नळी लावली. जांघेतल्या धमनीतून बारीक तार वर नेऊन रक्त गळणारी जागा बुजवली. रक्त थांबलं. "दोन दिवसांनी काढू," सर्जनबाई म्हणाल्या. "आता तारखेची वाट बघण्यात अर्थ नाही."

त्या दोन दिवसांत बाईंना पहिल्यांदा खरी भीती वाटली. हाताला काम नव्हतं. छताकडे बघत पडायचं आणि प्रत्येक श्वास आत जाताना कुठे अडतो का ते तपासायचं. ऑपरेशनच्या सकाळी मास्तर सह्या करायला गेला तेव्हा सासूबाई पलंगाशी आल्या. त्यांनी बाईंचा हात हातात घेतला. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे दोघींनाही तो हात नेमका कसा धरायचा ते कळेना.

"हे बघ," सासूबाई म्हणाल्या. "धाकटीचं काय व्हायचं ते होऊ दे. तू मात्र मुकाट्याने परत ये. मला तुझ्याच हातचा चहा लागतो. तो गाढव साखर विसरतो."

"हो आई," बाई म्हणाल्या. मग त्यांना आत नेलं.

साडेचार तास लागले. गाठ निघाली, तिच्याबरोबर फुफ्फुसाचा एक छोटा तुकडा निघाला. बाहेर मास्तरने बाकापुढच्या फरशीवर इतक्या वेळा पाय दाबला, की शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांनी शेवटी विचारलं, "आपल्याला काही लागतंय का खाली?" सर्जनबाई बाहेर येऊन "सगळं नीट झालं" म्हणाल्या, तेव्हा त्याने दोन्ही पाय उचलून बाकावर घेतले आणि मांडी घालून रडला.

बाईंना पहिले तीन दिवस फक्त दुखणं आठवतं. छातीतून नळी निघून पलंगाखालच्या बाटलीत गेलेली, खोकायचं तर उशी छातीशी दाबून खोकायचं, आणि खोकायचंच, असा परिचारिकेचा हुकूम. पण खोकल्यातून निघे तो साधा, सभ्य कफ. चौथ्या दिवशी महाराज भेटायला आले. हातात फुलं, डोक्यावर हॅट.

"नाटक झालं का हो?" बाईंनी विचारलं. "दाढी अर्धीच राहिली होती."

"झालं," महाराज गंभीरपणे म्हणाले. "सुताराने ती तशीच चिकटवली. आम्ही तिन्ही अंक प्रेक्षकांना फक्त उजवी बाजू दाखवली. प्रवेश केला तोही आडवा. राणीशी बोललो ते तिच्याकडे न बघता. मेलो तेसुद्धा एका कुशीवर." त्यांनी खिशातून कात्रण काढलं. "समीक्षक लिहितो, 'सत्तेने एकाकी झालेल्या राजाचं तोंड फिरवणं अंगावर काटा आणतं.' बाई, आता दिग्दर्शक म्हणतो दाढी पुरी करायचीच नाही."

बाईंनी उशी छातीशी घट्ट धरली आणि हसल्या. टाक्यांना ओढ बसली, डोळ्यांत पाणी आलं, पण हसू थांबेना. परिचारिका धावत आली आणि तिने महाराजांना बाहेर काढलं. महाराज आडवेच गेले.

दहा दिवसांनी तपासणीचा कागद आला. कॅन्सर नाही, 'बहुधा' नाही, काही नाही. मास्तरने तो कागद तीनदा वाचला. बाईंनी मात्र सर्जनबाईंना वेगळंच विचारलं, "मला ती बघायला मिळेल का?"

सर्जनबाईंनी त्यांना तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत नेलं. तिथले तज्ज्ञ पोरगेलेसे, लाजरे गृहस्थ होते. त्यांच्याकडे आजवर कुणी पेशंट स्वतःच्या पायांनी आला नव्हता. त्यांनी काचेच्या बरणीतली कापलेली गाठ दाखवली. चरबीचा पिवळा गोळा, त्यात एक चकचकीत दाढ, आणि धुऊन वेगळी ठेवलेली केसांची बट. बाईंनी चष्मा चढवला, हातमोजा मागून घेतला आणि बट उजेडात धरली.

"लांबी चार बोटं," त्या म्हणाल्या. "रंग बरा. पण पोत नाही. ऊन-वारा लागलेला नाही, कंगवा फिरलेला नाही. सगळे आपापसात गुंतलेत. याची मिशीसुद्धा होणार नाही."

"मिशी?" तज्ज्ञांनी विचारलं.

"नाही होणार," बाईंनी पुन्हा सांगितलं आणि बट परत केली. जिना चढताना मात्र त्या मधेच थांबल्या, कठड्याला धरून उभ्या राहिल्या. सर्जनबाईंना वाटलं दम लागला. "शेहेचाळीस वर्षं," बाई म्हणाल्या, "हिला मी पोसलं, आणि हिने मला खायला घेतलं." त्यांनी नाक पुसलं. "दाढ मात्र चांगली होती हो. माझ्या तोंडातल्या दोन किडल्यात."

घरी त्या हळूहळू हिंडू-फिरू लागल्या. दोन महिन्यांनी खोलीत जाऊन लाकडी डोक्यांवरची धूळ झटकली. सासूबाई आठवडाभर 'धाकटी' म्हणायच्या थांबल्या होत्या, मग एकदा जेवताना चुकून म्हणाल्या, आणि लगेच सुनेच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

वर्षभराने सर्जनबाईंचा फोन आला. वॉर्डात एक टपालखात्यातली बाई दाखल होती. तशीच गाठ, तसंच रक्त. उद्या ऑपरेशन होतं आणि ती इतकी घाबरली होती, की सही करायला तयार नव्हती. "मी सांगितलेलं तिला पटत नाही," सर्जनबाई म्हणाल्या. "तुम्ही येऊन बसाल का जरा?"

टोपबाई गेल्या. टपालवाली बाई उशीला टेकून बसली होती, हातांच्या मुठी चादरीत वळलेल्या. बाईंनी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं, दुखतं हेही सांगितलं, कारण दुखतंच. उशी कशी धरायची ते दाखवलं. ब्लाउजचं वरचं बटण काढून टाक्याची रेघ दाखवली. केसांचं सांगितलं, पुठ्ठ्याचं सांगितलं. डॉक्टरांच्या कानामागचं सांगितलं तेव्हा टपालवालीच्या मुठी सुटल्या.

"तुमच्यात दात होता का?" तिने जरा वेळाने विचारलं.

"होता ना," टोपबाई थोड्या तोऱ्याने म्हणाल्या. "दाढ. अख्खी."

टपालवालीने उशीखालच्या मोठ्या पाकिटातून फोटो काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. पांढरे ठिपके तिने बोटाने दाखवले.

"माझ्यात तीन आहेत," ती म्हणाली.

टोपबाईंनी फोटो हातात घेतला, चष्मा चढवून नीट मोजले. तीनच होते. आतून त्यांना जराशी कळ आली. मग त्यांनी फोटो परत दिला, टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं आणि तिच्या हातात दिलं.

"मग तर कर बाई सही," त्या म्हणाल्या. "तीन दात घेऊन ती गप्प थोडीच बसणार आहे?"

टपालवालीने सही केली.